हद्द

स्कूटर गेली तेव्हा पलासिया ठाणं म्हणालं, तुकोगंजला जा.
तुकोगंज म्हणालं, नाल्यापलीकडचं आमचं नाही.
त्याच आठवड्यात इद्रिस आला
जिल्हा कोर्टाबाहेर, चिंचेखाली, माझ्या टेबलाशी,
शपथपत्र नोटरी करायला.

गाव त्याचं. विहीर गावची.
विहिरीत एकोणीस जण, पैकी दोघं त्याच्या घरचे.
हुकूम देणारा आता तिसऱ्याच देशात बेकरी चालवतो
आणि तिथलं कोर्ट म्हणतंय,
हे आमच्या हद्दीत येतं.

मी विचारलं, असं कसं?
तो म्हणाला, मीही हेच विचारलं होतं.

शिक्क्याची शाई सुकलेली.
फुंकर मारून दोनदा दाबला.
'इंदूर' एवढंच नीट उमटलं.

पैसे किती, त्यानं विचारलं.
रोजचा दर,
मला आठवेना.