पात्र नसलेला खर्च

अँजे शहरात, नोटरीच्या कचेरीवरच्या खोलीत
आम्ही पाच जण, बेचाळीस अर्ज,
आणि पैसे एकालाच पुरतील एवढे.
हीटर नुसताच खोकतो. कॉफी कालची.
अध्यक्ष त्रूशार. त्यांना कुठल्याही पानावर
आधी बेरीज दिसते, मग माणूस.

कुणाला ल्योंच्या विणकरांच्या गहाणचिठ्ठ्या वाचायच्यात,
कुणाला तुलोंच्या गोदीतले कैदी,
एकाला एका बिशपच्या दातदुखीसाठी
दोन वर्षं हवीत.
(हसू नका, अर्ज चांगला आहे.)

सत्तावीस नंबर : नोल्वेन केरादेक, गाव रेन.
विषय : मीठ.
ओढ्याच्या अलीकडे ब्रिटनी, तिथं मीठ मातीमोल.
पलीकडे राजाचा कर,
आणि तेच मीठ चोरून आणावं असं महाग.
मधे फक्त रात्र.
रात्रीत बायका, परकराच्या आत शिवलेल्या पिशव्या,
आणि कुत्री.
पलीकडची पाळीव कुत्री अलीकडे आणायची,
दोन दिवस उपाशी ठेवायची,
पाठीवर मीठ बांधायचं
आणि सोडून द्यायचं.
घराची ओढ कुठल्याच नाक्यावर थांबत नाही,
असं तिनं लिहिलं होतं.
समासात कुणीतरी खूण केली होती : भाषा आवरा.

ज्युलियेन ऊदये, विधवा, वय चौतीस,
लावालच्या दफ्तरखान्यात, एका खोक्यात आहे म्हणे.
तिला भेटायला जायचंय.

शेवटचं पान, अंदाजपत्रक.
रेल्वे : एकशे चौसष्ट युरो.
खोली : अकरा रात्री, जिन्यात दिवा नाही म्हणून स्वस्त.
जेवण : घरून नेईन.
शेजारणीस, कुत्रा सांभाळण्याबद्दल : साठ.

त्रूशारनी पेन्सिल काढली.
"नियम सात. पात्र नसलेला खर्च."
रेघ अगदी सरळ आली, पट्टी न धरता.

मी काही बोलले नाही.
एक्क्याऐंशी साली माझ्याही अर्जात एक ओळ होती :
बाळ सांभाळणारी, नव्वद फ्रँक.
टपालात टाकायच्या आधी
ब्लेडनं खरवडून काढली,
इतकी हळू की कागद फाटला नाही.
पैसे मिळाले.
गेले मात्र नाही.

मतं पडली तीन विरुद्ध दोन.
बिशप हरला.
केरादेकला मंजूर, वजा साठ.

मे महिन्यात अहवाल आला.
अहवाल अळणीच असतो, असावाही लागतो.
किती दिवस, किती खोकी, किती पानं.
खाली एक ओळ :
कुत्रा सोबत नेला होता. फाटकावरचे मस्य गिलूआर
त्याला दिवसभर आपल्या खोलीत बसवून घेत. खर्च : शून्य.
त्याखाली निवाड्यातला उतारा.
मीठ वजन करून घेतलं, बारा पौंड.
परकर जप्त.
बाईला दंड, भरणं अशक्य, म्हणून तुरुंग.
एक कुत्रा, तांबूस, डावा कान फाटका,
ओढ्यापाशी गोळी घातली.
नाव नोंदलेलं नाही.
दारू आणि गोळी : चार सू.
मंजूर.

त्रूशारनी मोठ्यानं वाचायला घेतलं होतं.
'मंजूर'शी थांबले.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.
मग विचारलं, सही कुठं करायची?

खाल्ल्या मिठाला कोण जागलं,
असा रकाना आमच्या नमुन्यात नाही.
नियम सातही तसाच आहे.
मी दोनदा हात वर केला, दोनदा वेळ संपली.

यंदा अडतीस अर्ज.
विषय काय, गुरू कोण, ते मागाहून बघते.
आधी शेवटचं पान उघडते,
आणि जिथं कागद जरा पातळ वाटतो
तिथं तो खिडकीच्या उजेडाकडे धरते.