इंजिन थंड असताना

सोयरू मेस्तानं आधीच बजावलं होतं,
"वयनी, गाडी बघायला जाताना रंग बघायचे डोळे घरी ठेवून यायचे."

पहिली पर्वरीची. चांदीसारखी.
सीटवर अजून प्लास्टिक. डॉक्टरीणबाईंची म्हणे,
फक्त क्लिनिकपुरती.
मेस्तानं पुढची सीट उचलली
(ह्या गाडीचं काळीज सीटखाली असतं)
आणि दोन बोटं टेकली, पोराच्या कपाळाला टेकावीत तशी.
"आताच फिरवून आणली काय, बाब?"
"छे, कालपासून उभी आहे."
मेस्तानं सीट खाली ठेवली. चहाही घेतला नाही.
स्कूटरवर मागे वळून म्हणाला,
थंड असताना जी उठत नाही
तिला लोक गिऱ्हाईक यायच्या आत उठवून ठेवतात.

दुसरी कळंगुटची, टुरिस्टांत फिरलेली.
मेस्ताच्या खिशात लोहचुंबक, फडक्यात गुंडाळलेला.
दाराला चिकटला, छपराला चिकटला,
चाकावरच्या कमानीवरून घसरून त्याच्या पायावर पडला.
"पुट्टी."
मग मॅट उचललं. समुद्रानं खाल्लेला पत्रा,
रुपयाएवढं भोक,
त्यातून खालचा रस्ता, आणि रस्त्यावर एक मुंगळा.

मला न्यायचं तरी काय होतं?
खाज्याचे डबे, दोन कढया, गुळाच्या ढेपा,
ताडपत्री, बाकडं, आणि पाठ धरलेला नवरा.
जत्रा असो की फेस्त, नार्वे असो की फातर्पा,
माल संपवून रात्री तीनला परत.
भाचा म्हणाला, मोठी घे, सात सीटची, एसी असलेली.
अरे, बंद पडली मोर्ल्याच्या चढावर
तर पहाटे जो कोणी मेस्त उठून येईल
त्याला ती उघडता आली पाहिजे.
क्लचची वायर डिचोलीत मिळावी, वाळपईतही मिळावी.
एवढंच माझं मागणं.
देवाकडेही मी ह्याहून जास्त नेमकं कधी मागितलं नसेल.

तिसरी साळगावला, फणसाखाली.
रंग निळा होता असं कागदावर लिहिलंय.
इनासबाबानं एकोणीस वर्षं हिच्यातून बँड नेला,
लग्नांना, फेस्तांना, मयतांना.
मागच्या पत्र्याला आतून मोठ्या ढोलाचा गोल पोचा.
सरकता दरवाजा सरकेना.
"उचलून ढकल," तो म्हणाला, "तिला जरा मान दिलेला आवडतो."
मेस्तानं सीट उचलली, बोटं टेकली,
मग अख्खा तळवा ठेवला.
थंड. विहिरीच्या काठासारखं थंड.
चावी फिरवली. खोकली. पुन्हा खोकली.
मग लागली, तीन सिलिंडरांचं घरगुती भांडण.
धूर पांढरा, थोडासा, मग तोही नाही. निळा नाहीच.
ऑइलचं झाकण काढून मेस्तानं आत बोट फिरवलं,
वास घेतला, पँटला पुसलं.
ही त्याची पसंती.

इनासबाबानं वही आणली, शाळकरी, दोऱ्यानं शिवलेली.
आत रोमीतली कोंकणी. मला वाचता येईना, मेस्तालाही.
पण आकड्यांना लिपी लागत नाही:
तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये.
दर पाच हजाराला एक ओळ.
एका ओळीपुढे छोटा क्रूस.
"माय गेली तो दिवस," तो म्हणाला.
"त्या दिवशी मी वाजवलं नाही, फक्त चालवली."
जरा थांबून, "ऑइल मात्र सकाळीच बदललं होतं."

पंच्याऐंशी हजार सांगितले.
मेस्त मागच्या टायरकडे बघत उभा राहिला, बराच वेळ.
अठ्याहत्तरला झालं.
फणसाचा एक गरा वर.

निघताना त्यानं काच ठोकली.
स्टिअरिंग थोडं डावीकडे ओढतं, सांगायचं राहिलं.
नाक्यावर कळलं. डावीकडे इगर्ज होती.
मला डिचोलीला जायचं, म्हणजे उजवीकडे;
दोन्ही हातांनी वळवली.
"अलाइनमेंट," मेस्त म्हणाला, "उद्या करून टाकू."

त्याला आता तीन जत्रा झाल्या.
अजून केलेली नाही.