मुद्दल

पायऱ्या मोजायची सवय काही जात नाही.
एकतीस वर्षं नोटा मोजल्या,
अंगठा अजून ओला स्पंज शोधतो.
मार्तंड भांडगे माझ्यापुढे दहा पायऱ्या.
येवल्याचा माणूस, मागावर बसून पाठीला पोक,
पण गुडघे माझ्यापेक्षा धड.
'चल, पांडवलेणीला जाऊ' एवढंच म्हणाला फोनवर.
का, ते मी विचारलं नाही.
आमच्या पतसंस्थेत त्याचे एक लाख चाळीस हजार होते.
होते, हा शब्द आम्ही दोघंही टाळतो.

वर आलो तेव्हा अंबडचे पत्रे उन्हात पांढरे झालेले,
हायवे खाली मुंगीसारखा.
स्तूपापुढे पांढऱ्या साडीतली एक बाई,
पुटपुटणं तिचं,
घुमणं दगडाचं.
वटवाघळांचा वास. मार्तंडने नाकाला रुमाल लावला,
मग काय वाटलं, काढला.

दहा नंबरच्या लेण्यात सुगत गांगुर्डे चौघा पोरांना
ब्राह्मी शिकवत होता.
आठवडाभर कारखान्यात लेथवर, रविवारी इथे.
दगडाला हात न लावता
अक्षराच्या खालून हवेत बोट फिरवायचा,
झोपलेल्या बाळाच्या पापणीपाशी फिरवावं तसं.
'दोन हजार कार्षापण,' तो वाचत होता,
'गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणीकडे ठेव.
दरमहा शेकडा एक.
मुद्दल परत द्यायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं.
त्यातून वर्षावासाला वीस भिक्खूंना
चिवरासाठी बारा-बारा.'

मी मनात मांडलं.
महिन्याचे वीस. वर्षाचे दोनशे चाळीस.
वीस गुणिले बारा.
पुन्हा मांडलं.
दोन हजार वर्षांपूर्वीचं खातं,
एका नाण्याचाही फरक नाही.

'कोष्ट्यांकडे?' मार्तंड.
'कोष्ट्यांकडे.'
'म्हंजे राजाचा जावई पैसा ठेवायला आमच्याकडं यायचा!'
तो इतका हसला की पोरं वळून बघायला लागली.
हसता हसता थांबला.
'मंग? बुडवला का आम्ही?'
सुगत म्हणाला, 'ते लिहिलेलं नाही, काका.'

बाहेर पाण्याच्या पोढीपाशी बसलो.
त्याने पिशवीतून आमची ठेवपावती काढली,
लॅमिनेट केलेली.
मुदत संपल्याची तारीख, शिक्का,
खाली मी.
'सही मात्र झकास करायचास,' म्हणाला,
आणि नखाने प्लास्टिकवरची धूळ काढली,
पदराची जर तपासावी तशी,
उलटी करून, उजेडाकडे धरून.
मला काहीतरी बोलायचं होतं.
तोंडात चुन्यासारखं कोरडं काहीतरी आलं.
पावती पुन्हा पिशवीत गेली, डब्याशेजारी.

उतरताना पायऱ्या तो मोजत होता, मोठ्याने,
मध्येच चुकत, पुन्हा मागून धरत.
मी दुरुस्त केलं नाही.
खाली पेरूवालीने पन्नासचे सुटे दिले.
'मोजू नको रे,' मार्तंड म्हणाला.
मोजले.
बरोबर होते.