न खायचं पीक

खाण बंद होऊन किती वर्षं झाली
असं विचारलं तर कासोंदेची आई बोटं मोजत नाही,
डोंगराकडे हनुवटी उडवते.
तो डोंगर डोंगर नाही.
खाणीनं ओकलेलं आहे ते,
आणि ऑगस्टात वारा सुटला
की दोरीवरच्या ओल्या चादरींत येऊन बसतं.
खाण मिटली. खाणं मिटलं नाही.

कासोंदे सात वर्षांचा.
दवाखान्याच्या पिवळ्या कार्डावर
त्याच्या रक्तापुढे एक आकडा आहे,
नर्सनं दोनदा गिरवलेला.
स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर तो अजून उलटं काढतो.
मी ज्या भाषेत हे लिहितेय
तिच्यात पेन्सिलीला शिसपेन्सिल म्हणतात.
तिच्यात शिसं नसतं.
शिसं त्याच्या बोटांत आहे.

या वर्षी घरामागच्या तुकड्यात,
जिथे ती पानांसाठी भोपळा लावायची,
सूर्यफुलं पेरली.
कडेच्या दोन ओळींत मका,
आणि मक्याखाली कोळसा:
दाणे काढलेली कणसं पत्र्याच्या पिंपात कोंडून
रात्रभर धुमसवलेली.
म्वेवा, ज्याचा जन्म गेला
सायकलवर कोळशाची पोती लादण्यात,
कुंपणाला रेलून हसला:
बाई, कोळसा म्बाउलात घालतात.
जमिनीवर काय न्शिमा शिजवणार?

ती काही बोलली नाही. कुटत राहिली.
हलका, भोकाभोकांचा कोळसा,
एकेका खड्यात किती रिकाम्या खोल्या,
शिसं आत शिरलं की
जागचं हलू नये अशा.
कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हणतो आपण.
मग उगाळू नये.
पुरावा.

सूर्यफुलाचं काम उलटं.
तो धरून ठेवतो, हे ओढून घेतं.
जे अख्ख्या वस्तीच्या मुळावर उठलंय
ते हे मुळानं पितं
आणि पोटात घालतं;
माफ करण्याच्या अर्थानं नव्हे,
खरंच, पोटात.
आणि वर फुलतं. हीच पंचाईत.

कारण असं पीक तिच्या हातून कधी आलं नव्हतं.
ताटाएवढी फुलं, मान मोडेल इतकी भरलेली.
बाजारातून येणाऱ्या बायका थांबून बघत.
आणि माती तपासायला येणारी नाम्विंगा सांगून गेलेली:
खायचं नाही. तेल काढायचं नाही.
कोंबड्यांना नाही. दांडे चुलीला नाहीत.
हे पीक नाही, बोळा आहे समजा,
सांडलेलं टिपणारा.

उपटायच्या आदल्या रात्री
चड्डी धुताना खिशात बिया लागल्या.
अकरा.
आणि एक सोललेलं टरफल.
तिनं झोपलेल्या पोराला उठवून बसवलं,
तोंड उघडायला लावलं,
जिभेखाली बोट फिरवलं,
गालाच्या आत, दाढांच्या मागे.
थुंक.
तो थुंकला.
अजून.
तो रडत थुंकत राहिला,
तोंडातलं सगळं पाणी संपेस्तोवर,
आणि मग म्हणाला, गोड होती.

सकाळी हातमोजे घालून मुळासकट उपटली,
कारण बरंचसं मुळातच राहतं.
ताडपत्रीचा ट्रक आला, गेला.
नाम्विंगानं यंत्र मातीला टेकवलं,
बराच वेळ बघितलं.
थोडं कमी.
थोडं म्हणजे?
थोडं.
अजून किती पिकं?
नाम्विंगानं एक पंजा उघडला. मग दुसरा.
मग कासोंदेचा हात धरून त्याचाही उघडला.

संध्याकाळी म्वेवा आला, हसला नाही.
अर्धं पोतं कुंपणावरून आत सोडलं.
तळाचा चुरा आहे, म्हणाला,
कुणी घेत नाही.
ती पैशांचं विचारणार
तोवर सायकल वळली होती.

मोकळ्या तुकड्यात एक कोंबडी शिरली,
काही सांडलंय का बघायला.
तिनं हाकलली.
परत शिरली.