पोटात पाय

रात्री साडेदहाला जूनचा उजेड पुरता विझलेला नसतो,
तेव्हा मी कपाळाला दिवा बांधून
केटरिंग स्टेशनामागच्या माझ्या तुकड्यावर जाते.
पालिकेचं भाडं, गंजकं फाटक,
कुलपाचा आकडा फक्त मला ठाऊक.
पण चोरांना कुठे कुलूप लागतं?
चोर म्हणजे त्या. ओल्या, तपकिरी,
अंगठ्याएवढ्या, पाठीवर बिऱ्हाड नसलेल्या.

बिनशंखाच्या गोगलगायीला आपल्यात काय म्हणतात?
आईला फोनवर विचारलं. ती म्हणाली,
"गोगलगाय आणि पोटात पाय, मला एवढंच येतं."
एकीला बरणीत घालून खालून पाहिली.
खरंच की. सबंध पोट हाच पाय,
आत लाटा सरकताना दिसतात.
ती म्हण रचणारी बाई कधीतरी
अशीच वाफ्यात उकिडवी बसली असणार,
हातात कंदील, ओठांत शिवी.

एप्रिलात मेथी पेरली.
दोन पानांवर आली, आणि सकाळी नुसते देठ.
पुन्हा पेरली. पुन्हा देठ.
लाल माठाची चाळण केली.
शेपूला मात्र तोंड लावलं नाही;
तेवढ्या एका बाबतीत माझ्या मुलाशी त्यांचं पटतं.

शेजारच्या तुकड्यावरचा बर्नार्ड टिली,
चाळीस वर्षं बुटांच्या कारखान्यात चामडं कापलेला,
त्याच कात्रीने त्यांना मधोमध कापतो
आणि हवामानाबद्दल बोलत राहतो.
मला ते जमेना.
म्हणाला, मग बिअर पाज.

तर मी, जिच्या माहेरी खोकल्याचं औषधही
बाटलीवरचं वाचूनच आत येतं,
सर्वांत स्वस्त बिअरचे चार डबे घेऊन रांगेत उभी.
गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "पार्टी?"
म्हटलं, "हो. साठेक जणी येतील."

आल्या त्रेसष्ट. दह्याच्या डब्यांत,
हातपाय नसूनही हातपाय पसरल्यासारख्या.
मला दोन दिवस जेवण गेलं नाही.
मग कॅफेतून अंड्यांची टरफलं आणली,
पिशवी हातभर लांब धरून,
चुरा करून वाफ्याभोवती पसरला.
नव्या सुनेने माप ओलांडावं
तशा त्या ओलांडून आत आल्या.
तांब्याला भितात म्हणे.
देवघरातल्या ताम्हनाकडे मी
जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

शंखवाल्या निघाल्या, त्यांना मी
रुळांपलीकडच्या काटेरी जाळीत नेऊन सोडते.
आर्जव म्हणाला, "आई, त्या परत येतात."
आणि माझ्याच गुलाबी नेलपॉलिशने
पाच शंखांवर आकडे घातले.

पाच नंबरची बुधवारी परत.
लंडनच्या गाडीखालून की वरून, तिचं तिला माहीत.
कोबीच्या पानावर, आकडा वर करून.
बर्नार्डने कात्री काढली,
चष्मा पुसला, वाकून पाहिलं,
आणि कात्री खिशात परत ठेवली.
"ही कुणाची तरी आहे," म्हणाला.

मी काही बोलले नाही.
माझी म्हणावी असं माझ्या मनात नव्हतं.
नाही म्हणावं असंही नव्हतं.

तिसऱ्या पेरणीची मेथी ऑगस्टात लागली, एक जुडी.
वर्तमानपत्र पसरून निवडायला बसले.
प्रत्येक पानाला भोक. एकही पान टाकलं नाही.
मूठभर बर्नार्डला दिली. त्याने कच्चीच
पावात घालून खाल्ली, म्हणाला, कडू आहे,
आणि हात पुन्हा पुढे केला.

काल रात्री एकेचाळीस.
आज आभाळ भरलंय, म्हणजे जास्त येतील.
डबा धुऊन पालथा घातलाय,
दिव्याचे सेल बदललेत.
पाच नंबर दिसली नाही तीन दिवस.
मी सहज म्हणून रुळांकडे बघते.