मी वेळ लिहीत होते

त्या दुपारी माझ्या वाट्याला फक्त घड्याळ होतं.
नवतपाचा चौथा दिवस, मेयोची कॅज्युअल्टी,
भिंतीला हात लावला तर भिंतीलाच ताप.

२.१७. देवराव हेडाऊ, पुरुष, सत्तेचाळीस, टिमकी.
कूलरमध्ये पाणी भरताना करंट.
श्वास नाही. नाडी नाही.
एवढं लिहिलं.
पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती,
पोटरीला वाळ्याची एक ओली काडी चिकटलेली
आणि तिचा वास स्पिरिटला मागे सारून उभा,
त्याला कागदावर रकाना नसतो.

ई-रिक्षातून आणलं साळ्यानं, कवडूनं.
गोळीबार चौकापासून छाती दाबत आलेला,
प्रत्येक गतिरोधकावर मोजणी चुकत,
चुकली की पुन्हा एकपासून.
स्ट्रेचरवर घेतलं तरी सोडेना.
"कोराडीले शिकवलं होतं जी, वीजघरात. पुतळ्यावर.
पुतळा असा गरम नव्हता."
त्याच्याच डोक्याचा दुपट्टा ओढून
आम्ही देवरावची छाती कोरडी केली.

मोरेश्वर स्टुलावर चढला. कोपर सरळ, तळहातावर तळहात.
पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभराच्या वर,
आणि दर वेळी छातीला पुरतं वर येऊ द्यायचं.
दाबणं सगळ्यांना जमतं,
सोडणं शिकवावं लागतं.
एक बरगडी वाजली.
इंटर्न थुलचा चेहरा उतरला.
डॉक्टर सहारे म्हणाल्या, "बरगडी जुळते. चालू ठेवा."

मॉनिटरवर रेघ अशी,
जशी त्याच्या बापाच्या मागावर
सूत गुंतून बसत असेल कधी.
हृदय थरथरत होतं,
हजार धागे, ज्याचा त्याचा ओढा वेगळा.

"दोनशे ज्यूल. ऑक्सिजन लांब. सगळे बाजूला."
ज्या करंटनं त्याला धरून ठेवलं
त्यालाच आम्ही मापात बसवून
परत बोलावत होतो.

२.१८ शॉक.
लगेच छाती. स्क्रीनकडे बघत बसायचं नाही.
"दोन मिनिटं!" मी ओरडते. मोरेश्वर खाली, थुल वर.
२.२० शॉक.
२.२१ ॲड्रेनॅलिन एक मिलिग्रॅम.
२.२२ शॉक.
२.२३ अमिओडॅरोन तीनशे.

पडद्याच्या फटीतून त्याची बायको, हातात अजून बादलीच.
चौघांचे घाम निथळताना तिनं पाहिले,
मग मला पाहिलं.
"सिस्टर, तुम्ही नुसत्या लिहूनच राहिल्या.
तुम्ही काहून नाही हात लावून राहिल्या?"

उत्तर द्यायला अठरा सेकंद होते माझ्याजवळ.
मी ती दिली नाहीत.
बाई, वेळ धरणारं कोणी नसलं
की दोन मिनिटांची पाच होतात, हात ढिले पडतात,
आणि ढिल्या हाताला ते कळतही नाही.
हे मी तुला अजून सांगते आहे,
भाजी चिरताना, बसस्टॉपवर, उगीच.

२.२४ शॉक.
२.२५ ॲड्रेनॅलिन, दुसरं.
२.२६. "थांबा."
वॉर्डातला कूलर घरघरतोय
हे तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं.
सहारे मॅडमची दोन बोटं गळ्यावर,
डोळे मिटलेले, ओठ जरासे उघडे.
"आहे."

नाडी परत, २.२६. रक्तदाब नव्वदवर साठ.
आयसीयूकडे रवाना. सही.
बाहेर व्हरांड्यात कवडू उकिडवा बसून
स्वतःच्या गुडघ्यावर दाबतच होता,
अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.
मोरेश्वरनं त्याला पाणी दिलं तेव्हा
त्यानं हातांकडे पाहिलं,
कोणाचे आहेत अशा नजरेनं.

पुढचं माझ्या कागदावर नाही.
आयसीयूला फोन लावायचा नाही, हा माझाच नियम.
मी तो दोनदा मोडला. दोन्ही वेळा एंगेज.

रात्री घरी आले तर टाकी कोरडी.
बटण बंद केलं. प्लग काढला,
डोळ्यांसमोर राहील असा गादीवर ठेवला.
तरी बादली घेऊन उभी राहिले,
पत्र्याला उलटा हात लावायच्या आधी.
किती वेळ,
ते लिहिलं नाही.