कोपर

किरकोळ रजेच्या अर्जावर कारण लिहिले: दाढ.
खोटे लिहिताना अक्षर नेहमीपेक्षा सुबक आले.

मांडवीचा पूल कोसळून वर्ष होत आले होते.
बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीला रांग,
आणि फलक आमच्या पिशव्यांत, वर जुनी लुगडी घातलेली.
डिचोलीच्या आम्ही पाचजणी.
सहावी येणार होती.
तिच्या नवऱ्याने सकाळीच तिच्या चपला विहिरीत टाकल्या.

पणजीत उतरल्यावर मी बायका मोजायला लागले,
वर्गात हजेरी घ्यावी तशी,
आणि शंभरानंतर नाद सोडला.
म्हापशाच्या नर्सा, काळ्या कोटात घामेजलेली एक वकीलबाई,
टोपली रिकामी करून थेट बाजारातून आलेली
शिरदोणची पिएदाद,
हातांना बांगड्यांचा वास.
(मासळीच्या. काचेच्या ती घालत नसे.)

फलक माझा होता. पेन्सिलीने रेघा आखून, दुरेघी वहीसारखा:
"स्टोव्हला सुनाच कशा सापडतात?"
अक्षर इतके बारीक
की रस्त्यापलीकडून कुणाला वाचता येईना.
पिएदादला ही अक्षरे येत नव्हती. तिने विचारले, मी सांगितले.
ती गप्प झाली.
मग फलक माझ्या हातून घेतला
आणि चर्चच्या पायऱ्यांपर्यंत उलटा धरून चालली.
मी दुरुस्त केले नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

विजयंताला मी कधी पाहिले नव्हते.
सांखळीच्या बाजारात ती लिंबे घ्यायची म्हणे
एकेक नाकाशी धरून.
पंचनाम्यात लिंबे नव्हती.
पंचनाम्यात पिन, पंप, दोन लिटर रॉकेल
आणि कडी,
जी बाहेरून लागली होती, आपोआप.

तिचे नाव घ्यायची वेळ आली आणि माझा आवाज फुटेना.
चौदा वर्षे पाढे म्हणवून घेतलेला गळा.
पिएदादने कोपराने ढोसले:
"व्हडल्यान गे बाये,
हळू उलयल्यार नुस्तें खपना."

मग मी ओरडले. काय, ते आठवत नाही.
आठवतो अठरा जून रस्त्यावरचा एक शिंपी,
गळ्यात टेप, दुकानाच्या पायरीवर,
आम्हां सगळ्यांची मापे घेतल्यासारखा बघणारा.
आठवते की चहा कुणीतरी पाजला
आणि त्यात साखर नव्हती.

सचिवालयाच्या फाटकाशी काठ्या आडव्या.
त्यातली एक धरून उभा राजाराम,
चौथीत वजाबाकी करताना हातचा विसरायचा तो.
"बाई, तुम्ही?"
"काठी खाली धर," मी म्हणाले.
त्याने धरली. मग साहेबाकडे बघितले,
मग पुन्हा आडवी केली.
त्याचे कान लाल झाले होते. माझेही असणार.

निवेदन एका कारकुनाने घेतले. पोच दिली, शिक्का पुसट.
खटला चालला, थांबला, चालला,
आणि तो सुटला.
फोंड्याला आता त्याचे टाइल्सचे दुकान आहे, चांगले चालते.
आमच्या मोरीच्या टाइल्स मी मडगावहून आणल्या,
भाडे दुप्पट देऊन.
एवढेच जमले नंतर.

पण मला त्या दुसऱ्या दिवसाचे सांगायचे होते.
पेपरात फोटो आला. मधोमध पिएदाद, तोंड उघडे,
आणि अगदी कडेला, छपाईने कापलेले,
एक कोपर.

ह्यांनी पेपर वाचला, बातमीवरून नजर फिरवली,
मला विचारले, दाढ कशी आहे?
सासूबाई तांदूळ निवडायच्या थांबल्या.
पेपर ओढून घेतला, चष्मा चढवला.
ब्लाउजच्या त्या बाहीला तिकोनी ठिगळ होते,
काळ्यापांढऱ्यातही उठून दिसणारे,
त्यांनीच लावलेले, गेल्या चवथीला.
त्यांनी त्यावर बोट ठेवले. ठेवूनच राहिल्या.
मग पान उलटले, उठल्या,
फडताळातून लवंगेच्या तेलाची बाटली आणून माझ्या हातात दिली.

"दाढेला लाव," म्हणाल्या,
पडवीपर्यंत ऐकू जाईल
इतक्या मोठ्याने.